खाटेवरून सांग

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरी पाठीमागे मला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. तोफ म्हणतात. म्हणोत बापड्या. पण संध्याकाळी ड्यूटी बदलायच्या आधी मी सगळ्यांना गोल करून बसवते, मध्ये कापसाचं बंडल टाकते आणि बोळे वळता वळता विचारते, "हं, आज कोणाचं कोणाशी वाजलं?" तेव्हा या बोलभांड पोरींच्या तोंडाला कुलूप लागतं.

मग एखादी सांगते. पेशंट असा बोलला, मी तसं बोलले. तो खट, मी गरीब गाय. मी सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "झालं? आता हेच खाटेवरून सांग." म्हणजे खाटेवर तूच पडली आहेस असं धर आणि पहिल्यापासून सांग. तुला काय दिसत होतं, काय दुखत होतं, आणि ती पांढऱ्या लुगड्यातली बाई तुझ्या अंगावर काय ओरडली.

पोरींना राग येतो. यायचाच. मलाही आला होता.

ही रीत माझी नाही. अमरावतीला नर्सिंग शिकून मी अकोल्याच्या एका दवाखान्यात लागले, तेव्हा तिथे चतुराबाई नावाच्या मोठ्या सिस्टर होत्या, त्यांची. "बाई, हे कोणत्या पुस्तकात आहे?" असं मी त्यांना विचारलं होतं. तर म्हणाल्या, "पुस्तकात कायले असते? सासूसंगं भांडण झालं का मी तेच भांडण मनातल्या मनात सासूच्या तोंडून सांगून पाहो. लय राग येये. पण दुसऱ्या दिवशीचं भांडण आखूड होये."

आता कौशल्येचं सांगते. तिच्यासाठीच तर एवढं सगळं सांगायला घेतलं.

कौशल्या माझ्याच गावची, बाळापूरकडची. तिच्या बापाची नाल्याकाठची काळी जमीन, दारात बैलजोड्या, मोठं सारवलेलं अंगण. आम्ही नाल्यापलीकडचे. दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीला बौद्धपुरा म्हणू लागले. त्याआधी जे म्हणत ते मी तोंडानं उच्चारत नाही. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत कौशीच्या अंगणात मातीची भुलाबाई बसायची. पोरी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायच्या आणि शेवटी खिरापत ओळखायची, म्हणजे झाकलेल्या डब्यात खायला काय आणलंय ते. मी काट्याच्या कुंपणाबाहेर उभी असायची. एकदा वासावरूनच मी बाहेरून ओरडले, "तिळाची चटणी अन् भाकर!" बरोबर निघालं. आतल्या पोरी फणकारल्या, पण कौशी खदाखदा हसली आणि भाकरीचा तुकडा घेऊन कुंपणाशी आली. वरून, हात न लागू देता, माझ्या ओंजळीत टाकला.

नंतर मी रोज जाऊ लागले. माय म्हणायची, "काहून जातं व त्या कुंपणाशी? घरी भाकर नाही का तुले?" मायला कसं सांगू? भाकर कोणाला पाहिजे होती! मला त्या गोलात बसायचं होतं, कौशीच्या बाजूला. बस, एवढंच. विहिरीवरही तसंच. आम्ही खाली हात धरून उभ्या, कोणी वरून ओतेल तेव्हा पाणी. इतर बाया ताटकळत ठेवायच्या. कौशी मात्र दिसली की धावत यायची आणि कळशी ओतायची, माझे हात भरून वाहेपर्यंत. तिचं लग्न झालं, ती सासरी गेली. मी अमरावतीला गेले. तिथल्या पुण्याच्या शिक्षिकेनं माझी 'मले-तुले' मोडून काढली. राग आला की ती अजून परत येते, ती गोष्ट वेगळी. पण कौशी काही मनातून गेली नाही.

त्रेसष्ट सालची गोष्ट. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली होती. एका दुपारी छकड्यात घालून एक बाई आणली. कापसाच्या गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. चेहऱ्यावर पदर, पण पदर धरणाऱ्या हातावर गोंदलेलं तुळशीचं रोप मी ओळखलं. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. कौशी माझ्या दवाखान्यात आली!

डॉक्टरांनी पायाला वजन बांधून खाटेच्या टोकाशी सोडलं. आता हाड सांधेपर्यंत तिला उठता-बसता येणार नव्हतं. तिच्यासोबत तिचे भासरे आले होते, नवऱ्याचे थोरले भाऊ, खुशालराव. नवरा सूर्यभान वेचणीत अडकलेला, सासू वारलेली, जाऊ घरी पोरांपाशी. बाहेरचं सगळं खुशालराव बघायचे. बायकांच्या मोठ्या वॉर्डात पुरुषांना बसू देत नसत, म्हणून कोणाची तरी ओळख लावून त्यांनी कोपऱ्यातली एक खोली मिळवली आणि दिवसभर तिथे स्टूल टाकून बसले. तिच्याकडे पाठ, दाराकडे तोंड. रात्री तिथेच उंबऱ्याशी चादर टाकायचे. भला माणूस होता. भावाच्या बायकोसाठी इतकं कोण करतं?

त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, गाव कोणतं?" मी सांगितलं. "अरे! आमच्या सूनबाईच्या माहेरचं. कोणाची तू?" म्हटलं, "बुधाजीची." घरून आणलेला पाण्याचा गडू माझ्या बाजूला होता, तो उचलून त्यांनी स्टुलाखाली सारला. हे मी पाहिलं आणि गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून कौशी पाणी घेईना. जेवण घेईना. कप जवळ नेला की ओठ मिटायची. सलाईन लावलं तर शीर सापडेना, सापडली तर हात झटकून सुई काढायची. अंगात ताप चढला, जीभ कोरडीठाक. डॉक्टर म्हणाले, "तोंडानं पाणी गेलं पाहिजे. मूत्रपिंडं बसली तर पाय सांधून काय उपयोग? बाई हातची जाईल." मी हबकले. कौशी पाण्यावाचून मरणार, आणि पाणी पाजायचं काम माझं.

त्या दुपारी मी चोचीचा कप भरला आणि तिच्या उशाशी बसले. "कौशे, मी शाली. नाल्यापलीकडची शाली. घे, दोन घोट घे." तिनं मान भिंतीकडे वळवली. पदर असा ओढला की हनुवटीसुद्धा दिसेना. मी पदराखालून कप सरकवला, तर तिनं हातानं लोटला. पाणी माझ्या अंगावर, गादीवर. पाठीमागून खुशालराव म्हणाले, "राहू द्या सिस्टर. ते नाही पेणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते कुंपण, ती विहीर, तो स्टुलाखाली सारलेला गडू, सगळं एकदम उसळून आलं. मी उभी राहून ओरडले, "काहून पेणार नाही? माह्या हातचं बाटतं का तुले, कौशे? मरायले टेकली तरी बाटतं? मंग मर तशीच तहानेनं! मी नाही येत आता!"

माझा आवाज पार वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेला. पदराआड कौशीचं अंग गदगदत होतं. मी कप आपटला आणि बाहेर पडले. मला वाटलं होतं, बोलून मोकळं वाटेल. कसलं काय!

चतुराबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ताच तुह्या खोलीवर जाऊ नको. बोळे वळायले बस."

दिवस कलला होता. मी, आया पार्बताबाई आणि दोघी शिकाऊ पोरी अशा बसलो. मी बोळे कसले वळतेय, कापूस नुसता पिंजत होते. बाई म्हणाल्या, "सांग." मी सांगितलं, अगदी गडूपासून. "बरं," त्या म्हणाल्या, "आता खाटेवरून सांग."

"नाही सांगणार!" मी कापूस फेकला. "बाई, तुमचं दरवेळी ऐकलं, पण आज नाही. मी तिच्या जागी का जाऊ? तिनं यावं ना एकदा माझ्या जागी! विहिरीखाली हात धरून उभं राहावं! कुंपणाबाहेर उभं राहावं! मी अख्खा जन्म दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय हेच ओळखत आले. हा आता चिडेल, ती आता शिवी देईल, इथून वाट सोडायची, तिथून सावली आवरायची. अजून किती ओळखू?"

शिकाऊ पोरी भेदरून माझ्याकडे बघत राहिल्या. चतुराबाईंनी फेकलेला कापूस उचलला, झटकला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुह्यं खरं हाय, शालू. त्याच्यातलं एक अक्षर मी खोडत नाही," त्या म्हणाल्या. "तिले माफ कर असं बी मी म्हणत नाही. मले फक्त इतकंच सांग. तुह्या हातचं ते पेली नाही. सकाळी या पार्बताबाईच्या हातचं पेली?"

मी पार्बताबाईकडे पाहिलं. पार्बताबाई कुणब्याची, तिच्या हातचं बाटायचं काही कारण नव्हतं. ती म्हणाली, "कुठं वं! मी बी कप घेऊन गेली होती. तसंच तोंड फिरवलं माह्याकडून."

"अन् घरचा गडू? त्याच्यातलं पेली?"

मी आठवून पाहिलं. गडू सकाळी भरून ठेवलेला असायचा आणि त्यातलं खुशालरावच तेवढे प्यायचे. हे मी रोज बघत होते. बघूनही मला दिसलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण माझं तोंड इतक्यांदा पोळलं होतं की समोरच्या भांड्यात ताक आहे हेच मला कळेनासं झालं होतं.

"आता सांगतं?" चतुराबाईंनी विचारलं.

मी डोळे मिटले. "मी कौशल्या," मी सुरुवात केली. "माझा पाय बांधलाय. मला कूस बदलता येत नाही. ठणका लागलाय. घसा सुकलाय. डोळे उघडले की समोर..." समोर काय? मी खोली आठवली. खाट, खिडकी, स्टूल. "समोर भासऱ्यांची पाठ."

आणि माझे डोळे खाडकन उघडले.

आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर बोलत नाही. खात नाही, पीत नाही, चेहरा दाखवत नाही. वाटेत भासरा दिसला तर दाराआड होते. ही रीत काय मला ठाऊक नव्हती? माझी माय जन्मभर तशीच वागली! "बाई," मी म्हटलं, "पाणी पेली तर लघवीले लागन. उठता येत नाही, म्हणजे कोणाले तरी भांडं मागा लागन. अन् भासरे हातभर अंतरावर बसेल हायेत. रातच्याला बी दाराशीच. ते कोणाले अन् कसं सांगीन? म्हणून ते पेतच नाही!"

"जाय मंग," चतुराबाई म्हणाल्या. "इथं कायले बसली?"

मी धावतच गेले. खुशालराव तसेच बसले होते. मी त्यांना खोलीबाहेर बोलावलं. "दादा, तुम्ही खाली लिंबाखाली जाऊन बसा. रात्रीही तिकडे धर्मशाळेत झोपा. इथे पार्बताबाई राहील."

"वा! माह्या भावाची बायको हाय ते. टाकून गेलो तर गाव मले काय म्हणीन?"

"दादा, ती तुमच्यामुळे तहानलेली आहे. तुमच्यासमोर ती तोंड कसं उघडेल? आणि... बाईमाणसाच्या बाकीच्या गोष्टी?"

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग तो एवढा मोठा माणूस पार वरमला. "मी तर पाठ करूनच बसतो ना, सिस्टर," ते हळूच म्हणाले.

"पाठीला कान असतात, दादा."

त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, पुन्हा घातलं. आत जाऊन गडू घेतला, स्टूल भिंतीशी लावलं आणि जिना उतरून गेले.

मी दार लोटलं. आधी भांडं दिलं. बाई गं, केवढी मोठ्यानं रडली ती तेव्हा! सुटका झाल्याचं रडणं. सगळं आवरून, हात धुऊन मी चोचीचा कप भरला. भासरे गेले होते, रीतही गेली होती. आता जर तिनं ओठ मिटले तर मग दुसरं कारण उरत नव्हतं. मी कप तिच्या ओठांशी नेला.

ती प्याली. घटाघटा प्याली. हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळलं तरी थांबेना. कप संपला, दुसरा भरला, तिसरा भरला. "हळू व, कौशे, ठसका लागन!" मी म्हणत होते आणि माझ्याच डोळ्यांना धार लागली होती.

दम घेऊन ती म्हणाली, "शाले, तू पयल्या दिवशी आली तवाच वळखली मी तुले."

"मंग बोलली काहून नाही?"

"कशी बोलू? भासरे होते ना." मग ती माझ्याकडे सरळ पाहत राहिली. "तू मले मर म्हटलं, शाले."

"चुकली मी," मी म्हटलं. "लय चुकली."

"मर म्हटलं त्याचं नाही एवढं. बाटतं का म्हणून इचारलं तू. अन् मी नाही बी म्हणू शकली नाही." तिनं माझं मनगट धरलं. लहानपणापासून पहिल्यांदा तिनं आपणहून मला हात लावला.

हाड सांधायला पुढे बरेच आठवडे लागले. काय दिवस होते ते! माझी ड्यूटी संपली तरी मी उठत नसे. मी तिची वेणी घालायची, ती मला गावचं सांगायची. कोणाची म्हैस मेली, कोण कोणाबरोबर पळालं. नाल्याकाठच्या चिंचेची आठवण निघाली की दोघींच्या तोंडाला पाणी सुटायचं. आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, लेकी माहेरी येतात, पण कित्येक आखाज्या झाल्या, तिला पाठवलं नव्हतं. "तू तरी जातं का गावाले?" तिनं विचारलं. तेव्हा माझी माय होती, म्हणून मी जायची. "मंग आमच्या अंगणाकून जात असशीन. दिसते का वं आमची माय?" असं ती विचारायची, आणि मी दिसली म्हणायची. कधी खरं, कधी खोटं.

खुशालराव रोज सकाळी दाराबाहेरून विचारायचे, "सिस्टर, सूनबाईनं पाणी घेतलं का?" मी "घेतलं" म्हटलं की लिंबाखाली परत जायचे. त्यांचा गडू त्यांच्यापाशीच असायचा. एका दिवसात कोणी बदलत नाही.

जायचा दिवस आला. छकडा दाराशी लागला. कौशी कुबडी घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "शाले, येजो ना माह्या घरी. गाव काही लांब नाही. एस्टी जाते."

मला किती हवंसं वाटलं म्हणून सांगू! हो म्हणून टाकायचं होतं. पण माझी जीभ कुठली गप्प बसते? मी विचारलं, "आली तर कुठं बसवशीन मले?"

हसत विचारलं होतं. ती हसली नाही. घरच बघत असेल ती मनात. अंगण, ओसरी, माजघर, चूल. कुठे कुठे मला नेऊन बसवून बघत असेल आणि दरवेळी कोणी तरी मला उठवत असेल. मला वाटलं, आता ती काही तरी गोड खोटं बोलेल. बोलली असती तर मीही मानून घेतलं असतं.

"तू नको येऊ," ती म्हणाली. "मीच येईन तुह्या खोलीवर. तू मले बसव."

छकडा निघाला. खुशालराव पुढे बसले होते, म्हणून तिनं पदर ओढून घेतला आणि मागे वळून पाहिलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. ते मला आता वाचता येत होतं.

माझी खोली तेव्हा जुन्या शहरात होती, मोर्णा नदीपलीकडे. ती गेली त्याच आठवड्यात मी दोन नव्या चटया आणल्या. वेचणीचे दिवस सरले, आखाजी आली, गेली. पुढे माझी बदली अमरावतीला झाली, तेव्हा घरमालकिणीला नवा पत्ता देऊन आले. कोणी कौशल्या म्हणून विचारत आली तर सांगा, म्हटलं. अजून तरी कोणी आलेलं नाही.

पोरी विचारतात, "सिस्टर, मग तुम्ही तेसुद्धा खाटेवरून सांगितलं का? ती का येत नाही ते?" सांगितलं ना. शंभरदा सांगितलं. जिला स्वतःच्या मायकडे जाऊ देत नाहीत, ती माझ्याकडे कशी येणार? कोणाला विचारून येणार? आणि 'नको येऊ' म्हणाली ती मला टाळायला नव्हे. ओसरीच्या खाली माझ्यासाठी पोतं अंथरायची पाळी तिला स्वतःवर आणायची नव्हती. सगळं कळतं मला. तिच्या बाजूनं एक शब्द चुकीचा नाही.

पण पोरींनो, समोरच्याचं सगळं कळलं म्हणजे आपलं दुखणं जातं असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. पेशंटसाठी ते पुरतं. पेशंट जगतो. मला मात्र ती यायला पाहिजे आहे. दारातून आत यायला पाहिजे, बसायला पाहिजे, आणि "शाले, पाणी दे" म्हणायला पाहिजे.